सोळाशेच्या पुढे

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत उजाडायच्या आत रस्ते पळायला लागतात. विद्यापीठ, श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असा मोठा पसारा या परिसरात आहे. पण पहाटे इथे राज्य असते ते भरतीच्या पोरापोरींचे. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न : टायमिंग किती?

पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. पैकीच्या पैकी गुण हवेत तर मुलांनी ते पाच मिनिटे नि वर थोड्या सेकंदांत उरकायचे. म्हणजे छाती फुटेस्तोवर पळायचे आणि रेषेपलीकडे गुडघ्यांवर हात टेकून ओकारी आवरायची. पळण्यात जी धुंदी म्हणून सांगतात, ती या हिशेबात बसतच नाही. ती उशिरा येते. बेताच्या वेगाने बराच वेळ पळत राहिले की कधी तरी दम स्थिरावतो, पायांचे दुखणे मागे पडते आणि उगाचच बरे वाटू लागते. याचे श्रेय बरीच वर्षे एंडॉर्फिनला मिळाले. पण रक्तातला हा मोठा रेणू मेंदूत सहजी शिरत नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या, हॅम्बुर्गमधल्या 63 जणांवरच्या प्रयोगात काहींना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन 45 मिनिटे पळवले, तरी धुंदी आलीच. आता संशय आहे तो शरीरच तयार करते त्या, गांजातल्या द्रव्यासारखे काम करणाऱ्या रसायनांवर. (त्याच प्रयोगात चालण्याने ती तितकी आली नाही. तेव्हा वारीचे सुख घाईने याच खात्यावर टाकू नये. तिथे टाळ-मृदंग आहे, सोबत आहे.)

सरकार गुण देते ते पहिल्या पाच मिनिटांचे. त्यामुळे जिल्ह्यात सर्वांत जास्त पळणारी ही पोरे पळण्याकडे शिक्षा म्हणूनच बघतात. ऑर्डर हाती पडली की बूट कोपऱ्यात जातात. वय उलटले तरी जातात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचे उलटे झाले. बारावीनंतर तो लष्करात गेला, सियाचीनला राहिला, आणि शर्यतीचे पळणे त्याने वर्दी अंगावर चढल्यानंतर सुरू केले. 3000 मीटर स्टीपलचेसमधले 2022चे राष्ट्रकुल रौप्य आणि 2023चे आशियाई सुवर्ण ही त्यानंतरची कमाई. नोकरी लागल्यावरही त्याला पळवणारे कोणी होते, हे महत्त्वाचे.

भरतीच्या यादीत नाव न लागणारेच नेहमी जास्त असतात. त्यांच्यासाठी तरी भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीवाल्यांनी आठवड्यातून एक दिवस शिट्टी नि घड्याळ घरी ठेवावे आणि पोरांना पाऊण तास, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश पळवावे. टायमिंग बिघडेल ही भीती नको. लांब पल्ल्याचे प्रशिक्षक आपल्या धावपटूंना बहुतेक दिवस असेच पळवतात. दमसास त्यानेच वाढतो.