हुंडेकऱ्यांच्या वह्या

सोलापूरचा इतिहास सांगायचा म्हणजे गिरण्यांचा इतिहास सांगायचा, असा एक संकेत आपल्याकडे रूढ झाला आहे. १८७० च्या दशकात उभी राहिलेली जुनी मिल, १९३० चा मार्शल लॉ, विसाव्या शतकाअखेर एकेक करून थांबलेले भोंगे आणि त्यानंतरही चालू राहिलेले यंत्रमाग, या क्रमाने शहराची कथा लिहिली व शिकवली जाते. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. विणलेली चादर गावाबाहेर गेल्याशिवाय तिचे मोल होत नाही, आणि ती बाहेर नेणारा माणूस या कथेत जवळजवळ नाहीच. जुन्या लॉऱ्या व त्यांवर चालणाऱ्या स्थानिक मालवाहतूक पेढ्या यांची स्मृती आज वृद्धांच्या हाती उरली आहे. ती टिपून ठेवणे हे इतिहासकारांइतकेच मराठीच्या अभ्यासकांचेही काम आहे, असे आमचे मत आहे.

सोलापूरला रेल्वे १८६० साली आली. पण रेल्वे दारात येत नसते. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेचे रूळ अरुंद, म्हणून कुर्डुवाडीला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. विजापूरकडचा लोहमार्गही वेगळ्या मापाचा होता. लॉरीने ही उतारचढ संपवली. १९५४ साली टेल्कोने डेम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. १९६९ साली तो करार संपला आणि तोंडावरचा तारा जाऊन तेथे 'टी' आला. लेलँड, बेडफर्ड, फार्गो याही गाड्या रस्त्यावर होत्या. पुणे, हैदराबाद, विजापूर आणि धुळे या चारही दिशांचे रस्ते ज्या शहरात मिळतात, तेथे एकदोन गाड्यांच्या बळावर पेढी थाटणारे लोक निर्माण व्हावेत, हे स्वाभाविकच होते.

या व्यवसायाला मराठीत स्वतःचा शब्द आहे : हुंडेकरी. वर्गात तो उच्चारला की 'हुंडा घेणारा' असा अर्थ सांगून विद्यार्थी हसतात. वास्तविक येथील हुंडा म्हणजे माल नेण्याचा ठोक करार. भाडे आणि वाटेवरच्या जकाती मिळून एक रक्कम ठरवायची व तेवढ्यात माल मुक्कामी पोचवायचा, असा तो ठेका; हुंडाभाडे म्हणतात ते हेच. लमाणांच्या तांड्यांचा व बैलगाड्यांचा काळ सरला, तरी शब्द लॉरीत बसून पुढे आला. बाजार समित्यांच्या परवान्यांत अडत्या, तोलार, हमाल यांच्या पंक्तीत हुंडेकऱ्यालाही स्थान मिळाले. आता मात्र शब्दाच्या पोटातला अर्थच निघून गेला आहे. शहरांच्या वेशीवरचे जकात नाके उठले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले. २०१८ पासून ई-वे बिल संगणकावर निघू लागले. वाटेवरचे कर भागवणे हे ज्याच्या नावातच होते, त्याच्या वाटेवर ते कर उरले नाहीत. शब्द मरतो तेव्हा त्याच्याबरोबर एक व्यवस्था विस्मृतीत जाते, ती अशी.

पेढीतला मुख्य कागद म्हणजे बिल्टी. माल पाठवणारा, घेणारा, नगांची संख्या, वजन, भाडे आणि ते कोणी द्यायचे, एवढे तीवर लिहिलेले असते. हौदा, फाळका, ताडपत्री, बारदान हे या व्यवसायाचे रोजचे शब्द. चालकाला 'उस्ताद' म्हणायचे ही रीत हिंदी-उर्दूकडून आली. इंग्रजीतला क्लीनर आपल्या तोंडी 'किन्नर' झाला. विणकर तेलुगू, व्यापारी कानडी, चालक दखनी आणि हमाल मराठी बोलणारा, असा मेळ सोलापुरात गोदामाच्या एका दारात जमू शकतो. भाषासंपर्काचा अभ्यास ज्यांना करावयाचा आहे, त्यांनी ग्रंथालयात जाण्याआधी या दारात उभे राहावे.

आपण साहित्याची माणसे ट्रककडे पाहतच नाही, असे नाही; पण पाहतो ते मागून. फाळक्यावरची शेरोशायरी आणि 'हॉर्न ओके प्लीज' यांवर गमतीचे लेख पुष्कळ झाले. २०१५ साली महाराष्ट्रात त्या अक्षरांवर बंदी आली, तेव्हाही हळहळ व्यक्त झाली. ती रंगीत अक्षरे गोड आहेत, हे मान्य. परंतु गाडीच्या पाठीवर जे लिहिले ते जगाने वाचावे म्हणून. केबिनमधला माणूस काय भोगत होता, हे त्यावरून कळत नाही. १९६६ साली 'माझे विद्यापीठ' घेऊन आलेल्या नारायण सुर्व्यांमुळे कामगार मराठी कवितेत ठामपणे उभा राहिला. गिरणीच्या फाटकाबाहेर गाठी भरून निघणारा कामगार मात्र आमच्या अभ्यासक्रमात अजून आलेला नाही.

येथे एक आक्षेप येईल : हे जुन्या गाड्यांचे गहिवर काढणे नव्हे काय? तसे होऊ नये, हीच आमची अपेक्षा आहे. त्या लॉऱ्यांच्या केबिनमध्ये इंजिनाची धग अंगावर येत असे आणि जड चाक हातांच्या बळावर वळवावे लागे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. त्याने दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली, पण रात्रभर चालणाऱ्या गाडीपर्यंत ती क्वचितच पोचली. केबिन वातानुकूलित असण्याची सक्ती व्हायला १ ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला, आणि तीही त्यापुढे बांधलेल्या गाड्यांनाच. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतील अपघाताच्या कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि दोन दिवस सर्वांना चालक दिसला. आठवणी टिपायच्या त्या या दृष्टीने.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहावे. तेथे परगण्यापरगण्यांतील जुन्या लॉऱ्यांचे रंग, क्रमांक व पेढ्यांची नावे हौशी लोक चिकाटीने नोंदवतात. कंबरलंडच्या एडी स्टोबार्टने आपल्या लॉऱ्यांना स्त्रियांची नावे दिली, हेही तेथे सर्वांना ठाऊक असते. आपल्याकडे एवढी हौस नसेल, परंतु परंपरा आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून बलुतेदारीचे व्यवहार व शब्द नोंदवले. ते साहित्यिक म्हणून नव्हे, तर महसूल खात्यातला अनुभव गाठीशी घेऊन. आज तो ग्रंथ आपण साहित्य म्हणूनही वाचतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी त्याच त्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण पुन्हा निवडण्याऐवजी एकेका पेढीची एकेक वही घ्यावी. वृद्ध मालक, चालक व हमाल यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावे, शब्दांची यादी करावी, बिल्ट्यांची छायाचित्रे घ्यावीत. अडचण एवढीच, की जुन्या वह्यांना कपाट लागते आणि मुलांना त्या जागेत दुसरे काही ठेवायचे असते. रद्दीवाला वजन करतो, मजकूर वाचत नाही. त्याच्या आधी आपण पोचले पाहिजे.