पेव झोपतं तेव्हा

इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या सावलीच्या पट्टीत लॉन लावायचा हट्ट सोसायट्यांनी सोडलेला बरा. ऊन नसल्यानं गवत पिवळं पडतं, माळी नवे तुकडे आणून बसवतो, वर्षभरात पुन्हा तेच. लॉनचा नाद सुटलाच, तर त्या जागी डिफेनबेकिया किंवा सिंगोनियम येतं. दोन्ही अमेरिका खंडातल्या उष्ण जंगलांतली. सह्याद्रीतलं पेव मात्र कोणाला आठवत नाही.

मुंबईकरांना ते पाहायला लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात झाडांखाली ते माणसाच्या उंचीपर्यंत वाढतं. आलं-हळदीचं हे दूरचं नातलग. दांडा पिळ्यासारखा वळत वर चढतो आणि पानं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी त्याच्याभोवती फिरत जातात. शेंड्याला लालसर बोंड धरतं आणि त्यातून एकेक पांढरं फूल बाहेर पडतं. पाकळी चुरगळून उलगडलेल्या रेशमासारखी, आत पिवळसर झाक. एक फूल एक दिवसाचं. पण बोंड आठवडेच्या आठवडे फुलत राहतं.

मेअखेरीस डोळा असलेला गड्ड्याचा तुकडा दोन-तीन इंच खोल, पालापाचोळ्याचं खत मिसळलेल्या भुसभुशीत मातीत लावावा. पाणी साचता कामा नये. झाडातून गाळून येणारं ऊन याला मानवतं. अगदी अंधाऱ्या बोळात पानं वाढतील, फुलांची हमी नाही.

खरी अडचण थंडीत येते. पानं पिवळी पडतात, दांडे वाळतात आणि झाड मेलं समजून गड्ड्यासकट उपटलं जातं. वास्तविक ते जमिनीखाली झोपलेलं असतं. ही झोप बागवाल्यांना खोट वाटते, पण आमच्या मते तोच या झाडाचा मोठा गुण आहे: एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येतात, लॉनला रोज पाणी लागतं, तेव्हा पेव काहीच मागत नाही. वाळके दांडे कापावेत, जागेवर खूण ठेवावी आणि उघडी माती खुपत असेल तर वर कुंड्या मांडाव्यात.

नर्सरीत पेव ‘कॉस्टस’ या नावानं मागितलं की बऱ्याचदा नारिंगी फुलांचं ‘इन्शुलिन प्लँट’ हातात येतं. ते दक्षिण अमेरिकेतलं, याच कुळातलं, पेव नव्हे. पण म्हणून थेट रानातून गड्डे खणून आणू नयेत. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय झाड नेणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. ज्याच्या बागेत पेव आहे, त्याच्याकडे तुकडा मागावा. तो आनंदानं देईल, कारण दोन-तीन वर्षांत गड्डा चांगलाच पसरतो आणि वाटला नाही तर पायवाटेवर येतो. हवाई बेटांवर शोभेसाठी नेलेलं पेव बागेबाहेर पडून तिथल्या रानात शिरलं आहे. तिथं लावायची शिफारस कोणी करू नये. इथं ते घरचंच आहे.