आधी कच्चं, मग पक्कं : चामड्याचं जाकीट शिवून घेताना

मैत्रिणींनो, ब्लाउज शिवायला टाकताना आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मापाचा जुना ब्लाउज बरोबर न्यायचा, "बाही अर्धा इंच लांब, गळा मागून फार खोल नको, आणि आत माया भरपूर ठेवा हं," असं शिंप्याला चारचारदा बजावायचं, आणि दोन वर्षांनी अंग सुटलं की एक टीप उसवायची. ही माया म्हणजे आपला मोठाच आधार. शिवणारणीची चूकही ती पोटात घालते आणि आपलं वाढलेलं वजनही!

चामड्याचं तसं नाही. कापडातून सुई गेली तर धागे बाजूला सरकतात, सुई निघाली की पुन्हा जवळ येतात. चामड्याला धागेच नाहीत. सुईनं पडलेलं भोक कायमचं राहतं. टीप उसवून थोडी बाहेर सरकवली, तर जुन्या टिपेची भोकं रांगेनं दिसत राहतात. शिवाय आत माया असते ती जेमतेम अर्धा इंच, आणि तीही बहुधा रबर सोल्यूशननं चिकटवून, ठोकून सपाट केलेली. म्हणजे घट्ट झालेलं जाकीट सैल करायला मुळी जागाच नसते.

तुम्ही म्हणाल, आपल्या हवेत चामड्याचं जाकीट हवंय कुणाला? पण बघा, कुणाची मुलगी शिकायला जर्मनीला निघालेली असते, कुणी दोघं मोटारसायकलवरून लडाखला जायचं ठरवतात, कुणी डिसेंबरात पहाटे स्कूटरवरून शाळा गाठते. आणि काहीच कारण नसलं, नुसती हौस असली, तरी काय बिघडलं? एकदा घेतलेलं चांगलं जाकीट पंधरा-वीस वर्षं टिकतं. मात्र ते अंगाला नीट बसलं तरच.

आधी कशासाठी हवं ते ठरवा

दुकानात जाऊन "लेदरचं जाकीट दाखवा" म्हणू नका. कशासाठी हवं आहे, ते आधी सांगा. त्यावर चामडं ठरतं, आणि चामड्यावर माप.

मेंढीचं चामडं मऊ आणि हलकं. ते साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचं असतं. अंगावर छान पडतं, पण खरचटलं तर लवकर फाटतं. बकरीचं थोडं कणखर, बारीक दाणेदार आणि रोजच्या वापराला चांगलं. गाईचं आणि म्हशीचं जाड आणि जड. लांबच्या प्रवासाला मोटारसायकलवर बसायचं असेल, तर चामडं निदान १.१ ते १.३ मिलिमीटर जाड हवं आणि खांद्याला, कोपराला गाद्या हव्यात. हौसेच्या पातळ जाकिटावर रस्त्यात भरवसा ठेवू नये. घरात कुणाला एखाद्या जनावराच्या चामड्याचं वावडं असेल तर तेही आधीच विचारून घ्या. जाकीट घरी आल्यावर सासूबाईंनी कपाटातल्या पैठणीजवळ ते लटकवू दिलं नाही, असं व्हायला नको!

दुसरं म्हणजे नमुना. तिरप्या चेनचं, पुढं एकावर एक येणारं जाकीट न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ साली मोटारसायकलवाल्यांसाठी काढलं. कंबरेला आणि मनगटाला विणलेली लोकरीची पट्टी असते, तो नमुना अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांच्या जाकिटावरून आला. १९३१ साली ठरलेलं त्यांचं ते ए-टू जाकीट. दोन्ही मुळात पुरुषांच्या अंगासाठी बेतलेली, हे लक्षात ठेवा. छाती भरलेली असेल तर तिरपी चेन कधी कधी मध्येच फुगून उभी राहते, सरळ चेन जास्त सपाट बसते. पोट थोडं सुटलेलं असेल तर कंबरेची विणलेली पट्टी नेमकी पोटावर येऊन वरचा भाग फुगवते. अशा वेळी सीटच्या वरच्या भागापर्यंत येणारं सरळ जाकीट बरं.

मापं कोणती घ्यायची?

नुसत्या छाती-कंबरेवर भागत नाही. ही दहा मापं वहीत लिहून ठेवा :

१. छाती, सर्वांत भरलेल्या जागी. टेप मागे खाली घसरू देऊ नका. श्वास नेहमीसारखा, रोखून धरलेला नाही.
२. काखेखालून, छातीच्या वरचा घेर.
३. कंबर.
४. जाकीट जिथं संपणार तिथला घेर.
५. खांदा, एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत पाठीवरून.
६. पाठीची रुंदी, दोन्ही हात पुढे घेऊन. हे माप बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत.
७. दंडाचा घेर.
८. बाही, खांद्याच्या हाडापासून, कोपर वाकवून, मनगटाच्या हाडापर्यंत.
९. मनगटाचा घेर, मूठ मिटून.
१०. मानेच्या खालच्या मणक्यापासून पाठीची लांबी.

मापं देताना रोजच्या वापरातली चांगली ब्रा घाला, आणि जाकिटाखाली जे घालणार ते बरोबर न्या. छातीच्या मापात साधारण तीन ते चार इंच सैलपणा धरला, तर आत कुडता आणि पातळ स्वेटर मावतो. जाड स्वेटर असेल तर आणखी एक-दोन इंच. पण हा सैलपणा तुम्ही स्वतः मापात मिळवू नका. अंगाचं खरं माप सांगा आणि "आत हा स्वेटर असणार" एवढं सांगा. नाहीतर तुम्हीही चार इंच मिळवता, कारागीरही मिळवतो, आणि तयार होतो तो तंबू. फोनवरून मापं पाठवणार असाल, तर ही मापं अंगाची आहेत, जाकिटाची नाहीत, हे स्पष्ट लिहा.

बाही मात्र अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवायला सांगा. कोपरात घड्या पडतात आणि वापरून बाही आखूड होते.

कच्ची वही

शाळेत मी मुलींना गणित आधी कच्च्या वहीत सोडवायला लावते. खोडाखोड तिथं करा, पक्क्या वहीत नाही. चामडं ही पक्की वही आहे. म्हणून ऑर्डर देतानाच कारागिराला विचारा, "आधी मांजरपाटावर कच्चं शिवून दाखवाल का?" चांगला कारागीर नाही म्हणत नाही. फार तर वर थोडे पैसे मागेल. ते जरूर द्या. जाकिटावर इतके हजार घालवताना तीन मीटर मांजरपाटावर काटकसर करण्यात शहाणपण नाही. कारागीर तयारच नसेल, तर तुमच्या ओळखीच्या शिंप्याकडून ते जाडसर कापडावर शिवून घ्या आणि तेच नमुना म्हणून द्या.

मुंबईत धारावीला, शीव-वांद्रे लिंक रोडवर, चामड्याच्या दुकानांची रांगच आहे. तिथं मापानं जाकीट शिवून मिळतं. लांबून जाणाऱ्यांनी एका खेपेत सगळं उरकायचा आग्रह धरू नये. एक खेप मापाची आणि चामडं निवडायची, एक कच्च्या जाकिटाची, आणि एक न्यायची. निदान दीड महिना हाताशी ठेवा.

कच्चं जाकीट अंगात आलं की आरशासमोर नुसत्या उभ्या राहू नका. चेनच्या जागी टाचण्या लावून पुढचा भाग बंद करा. कापडच आहे, खुशाल लावा. मग एकेक करून बघा :

दोन्ही हात स्कूटरचं हँडल धरल्यासारखे पुढे न्या. पाठीत ओढलं तर पाठ अरुंद आहे. फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा काढायचा तसा एक हात वर करा. सगळं जाकीट हाताबरोबर वर चढलं, तर मुंढा फार खाली कापलाय. पुष्कळ जणींना वाटतं, खोल मुंढा म्हणजे हात मोकळा. प्रत्यक्षात उलटं होतं. मुंढा काखेच्या जवळ असेल तरच हात सुटा हलतो. मग खुर्चीवर बसा. पोटावर चुरगळा होऊन गळा हनुवटीला लागला, तर लांबी कमी करा किंवा खालचा घेर वाढवा.

चुण्याही बोलतात बरं का. छातीवर आडव्या ओढल्यासारख्या रेषा म्हणजे घट्ट. पाठीवर उभ्या घड्या म्हणजे सैल. खांद्यापासून काखेकडे तिरप्या चुण्या म्हणजे खांद्याचा उतार तुमच्या खांद्याशी जुळत नाही. खांद्याची शिवण बरोबर हाडावर यायला हवी, दंडावर ओघळलेली नको. ही शिवण पुढे कुणालाही सहजी दुरुस्त करता येत नाही.

बोलायचं कसं?

आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. शिकवण्यांचे पैसे दोन वर्षं बाजूला टाकून तिनं लडाखच्या प्रवासासाठी जाकीट शिवून घेतलं. हातात पडलं निघायच्या आदल्या संध्याकाळी. चेन लागत होती, पण दंडात आणि पाठीत श्वास अडकत होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लेदर आहे, वापरून सैल होईल." ती गप्प बसली. मला म्हणाली, "दोन मुलांनंतर अंगच असं झालंय गं. त्यांना काय बोलायचं?" साऱ्या प्रवासात जाकीट पिशवीत राहिलं आणि ती नवऱ्याचा जुना स्वेटर घालून हिंडली.

मला वाईट वाटलं ते पैशांपेक्षा तिच्या गप्प बसण्याचं. चामडं थोडं सैलावतं हे खरं, पण कोपरात आणि जिथं अंगाबरोबर वाकतं तिथं. छातीवरची चेन आणि आतलं अस्तर काही ताणलं जात नाही. आणि अंग वाढलं हा काही अपराध नाही. मापानं शिवून घ्यायचं ते आज आहे त्या अंगासाठी. पूर्वीच्या किंवा "आता कमी करणारच आहे" अशा अंगासाठी नव्हे.

परक्या पुरुषानं माप घेणं अवघड वाटत असेल, तर जाऊबाईला, मैत्रिणीला बरोबर न्या. तिनं टेप धरावी, कारागिरानं आकडे लिहावेत. ओढतंय कुठं ते शब्दात सांगता येत नसेल, तर खडू मागून घ्या आणि कच्च्या कापडावर खूण करा. "बरं बसतंय" असं घाईनं म्हणू नका. दहा मिनिटं जाकीट घालून बसा आणि मग बोला.

पावतीवर चामडं कोणतं, जाडी किती, रंग, अस्तर, चेन आणि कच्चं जाकीट दाखवायची तारीख हे सगळं लिहून घ्या. माप चुकलं तर काय करणार, हेही लिहून घ्या. अर्ध्याहून जास्त पैसे आगाऊ देऊ नका.

हातात आल्यावर

टाके फार बारीक नकोत. चामड्यावर जवळजवळ टाके घातले की टपालाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि तिथंच ते फाटतं. एक टाका तीन-चार मिलिमीटरचा असावा. अस्तराला पाठीत मधोमध एक चुणी आहे ना, ते बघा. ती नसेल तर हात पुढे नेताना आधी अस्तर उसवतं. शक्य तर धातूची चेन घ्या आणि दहा वेळा वरखाली करून बघा.

एवढं करूनही काही राहिलं, तर बाही आखूड करणं, बाजूनं थोडं आत घेणं, अस्तर किंवा चेन बदलणं, एवढं नंतर होऊ शकतं. सैल करणं, बाही वाढवणं आणि खांदा बदलणं होत नाही. म्हणून कच्च्या कापडात शंका असेल तिथं थोडं सैलच ठेवा.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. जाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी धरते. रुंद खांद्याच्या हँगरवर, जुन्या सुती साडीच्या खोळीत ठेवा आणि उघडीप पडली की सावलीत वारा द्या. भिजलं तर टिपून घ्या आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, इस्त्रीची वाफ तर मुळीच नको.

तर मैत्रिणींनो, ही दहा मापं आजच कुणाकडून तरी घेऊन वहीत लिहून ठेवा. शेजारी तारीखही घाला. जाकीट पुढेमागे होईल तेव्हा होईल. कुडता शिवतानाही ती उपयोगी पडतील.