'मेहनत करा' हा सल्ला आता पुरे झाला

जयंती झाली की निकाल, निकाल लागले की विहारात गुणवंतांचा सत्कार आणि सत्काराला जोडून 'करिअर मार्गदर्शन शिबिर'. आपल्या वस्त्यांमधला हा दरवर्षीचा हंगाम. त्रिसरण-पंचशील होते, प्रतिमांना पुष्पहार अर्पण होतो, आणि मग प्रमुख पाहुणे म्हणून आलेले साहेब बोलायला उठतात. ते कंदिलाच्या उजेडात शिकले, अनवाणी शाळेत गेले, एक वेळ उपाशी राहिले आणि आज इथवर पोहोचले. म्हणून मुलांनो, मेहनत करा, मोबाईल बाजूला ठेवा, अधिकारी व्हा. टाळ्या. त्यांच्यानंतर एखाद्या क्लासचा संचालक उठतो, कारण बॅनर आणि ट्रॉफ्यांचा खर्च त्यानेच केलेला असतो.

शिबिरांना आमचा विरोध नाही. आम्हीही ती भरवतो, त्यांत बोलतो. आमचं भांडण आहे ते तिथे वाटल्या जाणाऱ्या सल्ल्याशी. समोर बसलेली मुलगी सकाळी आईबरोबर चार घरची धुणीभांडी करून कॉलेजला जाते. तिच्या मागे बसलेला मुलगा रात्री बारापर्यंत जेवणाची पार्सलं पोहोचवतो. बाप नाक्यावर उभा राहतो. या लोकांना मेहनत शिकवायची? या देशात मेहनतीचं फळ मेहनतीच्या प्रमाणात मिळत असतं, तर उसाच्या फडातला कोयता आणि गटारात उतरणारा माणूस सर्वांत श्रीमंत असायला हवा होता. मेहनत कमी पडते म्हणून आपली मुलं मागे राहतात, हे विधान सवर्णांनी केलं तर आपण चिडतो. तेच आपल्याच मंचावरून, आपल्याच माणसाने, निळा फेटा बांधून केलं तर टाळ्या वाजवतो.

आता नोकरीच्या बाजाराकडे बघू. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी एक साधा प्रयोग केला होता. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, फरक फक्त नावात. काही नावं उच्चजातीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्याचे निष्कर्ष आले. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश होता, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. लक्षात घ्या, इथे मुलाखत झालेलीच नाही. इंग्रजी कच्चं, आत्मविश्वास कमी, 'पर्सनॅलिटी' नाही, या नेहमीच्या सबबींना इथे जागाच नव्हती. कागदावरचं नाव पुरलं.

मुलाखतीत काय होतं, तेही अभ्यासलं गेलं आहे. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांत माणसं नेमणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवलं, की 'आम्ही फक्त मेरिट बघतो' म्हणणारेच उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारणं आवश्यक मानतात. वडील काय करतात, घर कुठे, भावंडं काय शिकली. यांत जातीचा उच्चार कुठेच नाही आणि जातीशिवाय दुसरं काहीही नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलीला तर सरळ विचारलं गेलं, "आडनावावरून अंदाज येत नाही, तुम्ही नेमके कुठले?" तिने जिल्हा सांगितला. समोरचा म्हणाला, "तसं नाही, म्हणजे मूळचे कुठले?" त्या 'मूळचे' शब्दाचा अर्थ आपल्या कुठल्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

मग येतात करिअरवाले. त्यांचा सध्याचा लाडका शब्द 'नेटवर्किंग'. ओळखी वाढवा, रेफरल मिळवा. सल्ला खोटा नाही आणि म्हणूनच तो जास्त टोचतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या एका शहरात नोकरदारांना विचारलं होतं, की तुम्हाला ही नोकरी लागली कशी? अर्ध्याहून अधिक लोकांना ती ओळखीतून लागली होती, आणि तीही जिवलग मित्रांकडून कमी, लांबच्या, अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून जास्त. एम.ए.ला हे वाचताना वर्गात सगळ्यांनी मान डोलावली होती. पण हा सिद्धांत आपल्या वस्तीत आणून बघा. आपल्याला जीव लावणारी माणसं भरपूर आहेत. मयताला अख्खी गल्ली जमते, लग्नाला पंगतीत वाढायला पन्नास हात असतात. नाही तो लांबचा, अधूनमधून भेटणारा, कंपनीत मॅनेजर असलेला काका. बोर्द्यू ज्याला सामाजिक भांडवल म्हणतो ते सवर्ण घरात मुंजीला, गणपतीला, सोसायटीच्या बैठकीत, वडिलांच्या कॉलेजच्या ग्रुपवर आपोआप साठत जातं. त्या मुलाला 'नेटवर्किंग' करावंच लागत नाही, तो त्यात जन्मतो. २०१२ मध्ये देशातल्या एक हजार आघाडीच्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ हजारांवर संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्चजातीय. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. या खोलीत आपला मुलगा कुणाची ओळख काढणार?

यावर कुणी म्हणेल, बाबासाहेबांची कुठे ओळख होती? हा युक्तिवाद करणाऱ्यांनी बाबासाहेबांचं चरित्र नीट वाचलेलं नसतं. कोलंबियाची एम.ए., लंडनमधलं शिक्षण, आणि १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आलेल्या त्या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. नाव लपवून पारशी सरायीत राहावं लागलं आणि तिथूनही हाकलून दिलं गेलं. मुंबईत परतल्यावर त्यांनी शेअरबाजाराचे सल्ले देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार कोणत्या जातीचा हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासं झालं. त्या काळच्या हिंदुस्थानात इतकी पदवी आणि इतकी मेहनत दुसऱ्या कुणाकडे होती? आणि यातून बाबासाहेबांनी काय निष्कर्ष काढला तेही बघा. त्यांनी पोरांना 'आणखी मेहनत करा' एवढंच सांगून सोडून दिलं नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर त्यांनी केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा १९४३ मध्ये मिळवल्या. परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळवल्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढे सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालयं उभी केली. त्यांनी दार तयार केलं आणि मग मुलांना 'आत जा' म्हटलं. आपले साहेब भिंतीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, डोकं आपट, मीपण आपटलं होतं.

आता जरा कडू बोलतो. आपल्या समाजात नोकरीचा अर्थ सरकारी नोकरी आणि सरकारी नोकरीचा अर्थ 'अधिकारी' एवढाच उरला आहे. त्यामागचं कारण आम्हाला मान्य आहे. आरक्षण तिथेच आहे, बदली होते पण मालक नोकरीवरून काढत नाही, आणि साहेबाच्या खुर्चीत आपला माणूस बसलेला बघण्याची जी भूक आहे तिची टिंगल करण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. शुल्क खुल्या वर्गाला एक हजार, राखीव वर्गाला नऊशे. हा हिशेब घरी पाटीवर मांडून बघा, म्हणजे या परीक्षांमधून हमखास कमाई कुणाची होते ते कळेल.

पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत जाऊन बघा. कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा एक डबा दोघांत खाणारी आपली पोरं तिथे आहेत. बापाने जनावर विकलंय, आईने बचतगटातून कर्ज उचललंय. चोवीसाव्या वर्षी आलेला मुलगा बत्तीसचा होतो. दरवर्षी दोन गुणांनी जातं, कधी परीक्षा पुढे जाते, कधी निकाल कोर्टात अडकतो. राज्यात राखीव वर्गाला वयाची मर्यादा ४३ आहे. ही सवलत आहे, मुक्कामाचं आमंत्रण नव्हे, हे त्याला मंचावरून कुणी सांगत नाही, कारण मंचावर नेहमी निवड झालेलाच बसतो. न निवडलेल्या नव्याण्णवांना सत्काराला बोलावण्याची पद्धत आपल्याकडे नाही. मुलींचं तर विचारूच नका. त्यांना दोन वर्षं मिळतात, तिसऱ्या वर्षी स्थळ येतं.

आणि ज्या नोकरीसाठी हा जन्म जाळायचा, ती नोकरी सरकार स्वतः शिल्लक ठेवतंय का? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. रस्त्यावर आवाज उठला, ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रात ४५ पदांची थेट भरतीची जाहिरात निघाली, आरक्षणाशिवाय. तीन दिवसांत तीही मागे घेतली गेली. दोन्ही वेळा ओरड झाली म्हणून ते थांबलं. कंत्राटी पदाला बिंदुनामावली लागू होत नाही, अनुशेष मोजला जात नाही. म्हणजे जाहिरात निघत नाही याचं दुःख करणाऱ्या अभ्यासिकेतल्या मुलाचा आणि कंत्राटीकरणाविरुद्धच्या मोर्चाचा थेट संबंध आहे. 'आत्ता चळवळ नको, आधी पोस्ट काढ' हे सांगणारा मार्गदर्शक त्याच मुलाची पोस्ट घालवत असतो.

"नोकरी मागणारे नको, देणारे व्हा" म्हणणाऱ्यांशी आम्ही फार वाद घालत नाही. ज्याच्याकडे तारण आहे, त्याने जरूर व्हावं. 'स्टँड-अप इंडिया'त २०२५ पर्यंत दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्जाची तरतूद होती; बँकेच्या शाखेत जाऊन कर्ज मागून बघा, व्यवस्थापक 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारेल.

काही मित्र म्हणतात, हे सगळं पोरांना सांगितलं तर ती खचतील. आमचा अनुभव उलटा आहे. सातव्या मुलाखतीनंतर जो मुलगा स्वतःला नालायक समजून घरात बसला होता, त्याला हे आकडे दाखवले की तो आधी चिडतो आणि मग पुन्हा अर्ज भरायला बसतो. दोष आपल्यात नाही हे कळणं म्हणजे निराशा नव्हे. भगवान बुद्धांनी दुःख आहे हे सांगून सुरुवात केली, म्हणून कुणी धम्माला निराशावादी ठरवत नाही. दुःखाचं कारणही सांगितलं, मार्गही सांगितला.

तर मग शिबिरात बोलायचं काय? स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याने पहिल्याच दिवशी वर्षं ठरवून घरच्यांसमोर कागदावर लिहावीत, तीन म्हणजे तीन, आणि त्या काळात पोट भरेल असं एक काम शिकत राहावं. क्लार्कची, बँकेची, रेल्वेची, गट-क ची जागा मिळत असेल तर ती घ्यावी. साहेब होणं पुढेही जमतं. जात वैधतेचं प्रकरण निवड झाल्यावर नव्हे, आत्ता दाखल करावं. केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीत स्थान मिळालेलं असलं तरी तिथला बाबू अडून बसू शकतो, म्हणून पूर्वजांचे शाळेचे दाखले हाताशी ठेवावेत. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, त्याचा अर्ज मुदतीत भरावा. खासगी नोकरीत मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवू नये, नोकरी लावण्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत, बाँड वाचल्याशिवाय सही करू नये. पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा. पगार किती अपेक्षित आहे असं विचारलं, तर "तुम्ही द्याल तो" हे उत्तर आपल्या पोरांनी कायमचं बंद करावं. ते नम्रतेतून येत नाही, बलुत्यातून येतं.

आणि साहेबांना आमची एकच विनंती आहे. तुमचा कंदील आम्ही पुष्कळ ऐकला. आग्र्याला १९५६ मध्ये बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत व्यक्त केली, ती तुम्ही भाषणात नेहमी सांगता. ती तुमच्याचविषयी होती. यंदा बॅगेतून भाषणाचा कागद काढू नका, फोन काढा. तुमच्या कार्यालयातली, तुमच्या मुलाच्या कंपनीतली, तुमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्याच्या फर्ममधली कोणती जागा रिकामी आहे ते सांगा, आणि समोरच्या पोरांपैकी कुणाचं नाव तिथे पाठवता ते सर्वांसमोर सांगा. ते लोक याला रेफरल म्हणतात आणि त्यासाठी कंपनीकडून बक्षीसही घेतात. आपल्या माणसाने केलं की त्याला 'जातीवाद' म्हणायची भीती तुम्हाला का वाटते?

विहारांच्या कार्यकारिणीला आम्ही सुचवतो, की पावती पुस्तकाच्या शेजारी एक वही ठेवा. डाव्या पानावर वस्तीतल्या नोकरदारांची नावं, हुद्दा, कंपनी, फोन. उजव्या पानावर काम शोधणाऱ्या मुलामुलींची नावं, शिक्षण, येणारं काम. दर पौर्णिमेला वंदना झाली की ती वही उघडायची आणि मागच्या पौर्णिमेपासून डावीकडच्या किती जणांनी उजवीकडच्या कुणासाठी एक फोन केला, ते मोठ्याने वाचायचं. आमच्या तालुक्यातल्या दोन विहारांनी या वर्षावासात हे सुरू करायचं ठरवलं आहे. तिथल्या मार्गदर्शन शिबिरात यंदा ट्रॉफ्या नसतील, त्या पैशांतून वही, झेरॉक्स आणि जात वैधतेच्या अर्जांची फी भरली जाणार आहे.

जय भीम!