बाहुल्याला पट्टा, प्रवाशाला नशीब

नागपुरातील सुखवस्तू कुटुंबांतील मुले अमेरिकेत स्थिरावल्यापासून फ्लोरिडाची वारी या शहराच्या एका वर्गाला काशी-रामेश्वराइतकी परिचित झाली आहे. तेथून परतलेले आईवडील डिस्ने कंपनीच्या ‘एप्कॉट’ उद्यानातील एका खेळाचे वर्णन मोठ्या कौतुकाने करतात. खेळाचे नाव ‘टेस्ट ट्रॅक’, म्हणजे मोटारींच्या चाचणीचा मार्ग. मार्च १९९९ मध्ये तो रीतसर सुरू झाला आणि त्याचा आश्रयदाता होता जगातील मोटार-उद्योगाचा एक सम्राट, जनरल मोटर्स. त्याच्या मूळ रूपात सहा आसनांच्या गाडीत माणसे बसवायची. खडबडीत रस्त्यावर ती खिळखिळी होईपर्यंत हलवायची. भट्टीसारख्या खोलीतून आणि लगोलग गारठलेल्या खोलीतून न्यायची. ब्रेक एकदा घसरवून आणि एकदा सावरून दाखवायचे. शेवटी गाडी भरधाव एका भिंतीवर सोडायची. आता आदळणार असे वाटते न वाटते तोच भिंत दुभंगते आणि गाडी ताशी सुमारे १०५ किलोमीटरच्या वेगाने उघड्या आकाशाखालच्या वळणावर झेपावते. पाच मिनिटांत सारे संपते. माणसे हसत, केस सावरत उतरतात. २०१२ मध्ये या खेळाचे रूप पालटले, जुलै २०२५ मध्ये ते पुन्हा पालटले. आश्रय मात्र त्याच कंपनीचा राहिला.

पोरासोरांनी घटकाभर किंचाळून घेतले म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांपैकी आम्ही नाही. श्रमणाऱ्याला विश्रांती हवी, तशी मौजही हवी. आमचा प्रश्न निराळा आहे. मोटारीच्या चाचणीत माणसाच्या जागी जो बाहुला बसवतात, त्याची भूमिका या खेळात गिऱ्हाईक पैसे मोजून करते. कारण त्या खेळात धोका खोटा आहे आणि संरक्षण खरे आहे. आपल्या रस्त्यांवर नेमके याच्या उलट आहे. येथे धोका खरा आहे आणि संरक्षण खोटे. बाहुल्याची भूमिका येथेही माणूसच करतो, तोही पैसे मोजून. फक्त त्याला ते कोणी सांगत नाही.

प्रथम या खेळाच्या यजमानाचा इतिहास तपासू. चाचणी ही जणू भांडवलदाराच्या दयाबुद्धीतून जन्मली, असा आभास असला खेळ निर्माण करतो. वस्तुस्थिती काय आहे? १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने अमेरिकन मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिले. जनरल मोटर्सच्या ‘कॉर्व्हेर’ या गाडीवर त्यात कडक टीका होती. कंपनीने गाडी सुधारण्याऐवजी नेडर यांच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. प्रकरण उघडकीस आले आणि १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. म्हणजे सुरक्षिततेची सक्ती मालकांवर लोकमताने आणि कायद्याने लादली, तेव्हा कुठे ती आली. आणि सक्ती सैल पडताच काय होते? सदोष इग्निशन स्विचमुळे धावती गाडी बंद पडे आणि अपघातात हवेच्या पिशव्या उघडत नसत. हा दोष कंपनीतील लोकांना सुमारे दहा वर्षे ठाऊक होता. गाड्या परत बोलावल्या त्या २०१४ मध्ये. या दोषापायी झालेले १२४ मृत्यू कंपनीच्याच भरपाई-निधीने मान्य केले. फ्लोरिडातल्या खेळातील भिंत त्या दहा वर्षांत रोज वेळेवर उघडत होती, हे लक्षात ठेवावे.

भारतात या कंपनीने काय केले? जुलै २०१३ मध्ये तिला सुमारे १ लाख १४ हजार ‘टवेरा’ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तपासणीच्या वेळी दाखवायची इंजिने निराळी आणि गिऱ्हाइकाच्या गाडीतली निराळी, असा प्रकार तेथे चालल्याचे बाहेर आले. तिच्याच ‘एन्जॉय’ गाडीला ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेच्या धडक-चाचणीत एकही तारा मिळाला नाही. नाव ‘एन्जॉय’ आणि गुण शून्य! २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबवली. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याजवळच्या तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन बंद केले आणि पुढच्या वर्षी चौदाशेच्या आसपास कामगारांना घरी बसवले. कामगार न्यायालयात आणि रस्त्यावर लढत राहिले. कारखान्याचा सौदा २०२३ मध्ये दुसऱ्या परदेशी कंपनीशी झाला. खेळ पाहणाऱ्याला पाच मिनिटांनी सुखरूप उतरवून देणारी कंपनी आपल्या कामगारांना मात्र भरधाव गाडीतून ढकलून निघून जाते.

परंतु एका कंपनीवर सारे खापर फोडून मोकळे होणे ही आत्मवंचना ठरेल. कंपनी जाते, व्यवस्था राहते. ती व्यवस्था पाहायला फ्लोरिडाला जाण्याचे कारण नाही. नागपूरच्या वेशीवर ती उभी आहे. दहा जिल्ह्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपुरापासूनच सुरू होतो. ४ डिसेंबर २०२२ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एका आलिशान मोटारीतून नागपूर ते शिर्डी अशी ‘चाचणी’ केली. उपमुख्यमंत्र्यांनी स्वतः सुकाणू हाती धरले, मुख्यमंत्री शेजारी बसले, छायाचित्रे झळकली. आठवड्याने, ११ डिसेंबरला, पंतप्रधानांच्या हस्ते ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. बंदोबस्तात, उत्तम गाडीत, दिवसाउजेडी सत्ताधाऱ्यांनी केलेली ती चाचणी फ्लोरिडाच्या खेळाच्याच जातीची होती. खरी चाचणी पुढे व्हायची होती आणि ती रात्री, भाड्याच्या बसमध्ये, सामान्य माणसावर व्हायची होती.

रस्ता ताशी १५० किलोमीटरच्या वेगासाठी आखलेला. मोटारींना मर्यादा १२० ची. मैलोगणती सरळ, एकसुरी काँक्रीट. आणि तो खुला झाला तेव्हा वाटेत उतरून तोंडावर पाणी मारावे, चहा घ्यावा, अशा सोयींचा जवळजवळ अभाव. अशा रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे राहतात, पण मन झोपी जाते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी या ‘महामार्ग-संमोहना’कडे लक्ष वेधले, पण केव्हा? रस्ता खुला झाल्यावर, माणसे मेल्यावर. चाचणी आधी आणि वापर नंतर, हा क्रम बाहुल्यासाठी पाळतात, माणसासाठी उलटा.

१ जुलै २०२३. मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात आदळून उलटली. दार होते ती बाजू खाली गेली. बसने पेट घेतला. ३३ पैकी २५ माणसे आत जळाली. ८ जण बाहेर पडू शकले. चोवीस देहांना बुलढाण्यात एकत्र अग्नी द्यावा लागला. सरकारने शोक व्यक्त केला, भरपाई जाहीर केली, चालकाला अटक केली. महिनाभरात, ३१ जुलै ते १ ऑगस्टच्या रात्री, शहापूरजवळ याच महामार्गाच्या बांधकामावर गर्डर उभारण्याचे अवाढव्य यंत्र कोसळून २० जण ठार झाले. १५ ऑक्टोबरला वैजापूर तालुक्यात प्रवासी वाहन ट्रकवर आदळून १२ जण गेले. महामार्गावर तो ट्रक अडवून ठेवल्याच्या आरोपावरून परिवहन खात्याच्याच दोघा अधिकाऱ्यांना अटक झाली.

१९७६ मध्ये जनरल मोटर्सने ‘हायब्रिड-३’ नावाचा बाहुला बनवला आणि पुढे तो जगभरच्या धडक-चाचण्यांचा मानदंड ठरला. त्याच्या छातीवर किती दाब आला, मानेला किती हिसका बसला, याची नोंद यंत्रे करतात आणि त्या नोंदीवरून गाडीचा आराखडा बदलतात. बाहुल्याचे मरण वाया जात नाही. पिंपळखुट्याच्या पंचवीस जणांचे काय? बसची दारे, संकटकाळी बाहेर पडण्याची वाट, डिझेलच्या टाकीची जागा यांविषयी त्यांच्या मरणातून कोणती नोंद निघाली आणि ती किती बसमध्ये उतरली? बैद्यनाथ चौकात संध्याकाळी उभे राहून पुण्याच्या कोणत्याही गाडीत डोकावावे. संकटकालीन खिडकी कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी कुठे टांगली आहे, हे स्वतः शोधून पाहावे. उत्तर मिळेल.

ज्या बसमध्ये पंचवीस माणसे जळतात, तिला तारे देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ नावाची धडक-चाचणी सुरू झाली. ती साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारींसाठी, आणि तीही कारखानदाराच्या मर्जीवर. रस्ते-वाहतूक खाते २०१४ पासून आपल्याच शहराच्या खासदारांकडे आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या खात्याने मोटारींत सहा हवेच्या पिशव्या सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला. मग मुदत वर्षभराने पुढे गेली. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रिमहोदयांनीच सक्ती करणार नसल्याचे सांगितले. सुरक्षितता हा बाजारातला माल झाला. ज्याच्या खिशात पैसा, त्याला पाच तारे. बाकीच्यांचे काय? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसे मेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालत होते. त्यांना ना पिशवी, ना पट्टा, ना तारा. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मंत्रिमहोदयांनी आंतरराष्ट्रीय परिषदांत अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावे लागते, अशी कबुली दिली. कबुलीचा प्रामाणिकपणा मान्य. पण तोंड लपवून कोणाचा जीव वाचत नाही.

येथे कोणी म्हणेल, तुमचा विकासालाच विरोध आहे. रस्ता झाला म्हणून नागपूर मुंबईच्या जवळ आले, हे तुम्हाला खुपते. मुळीच नाही. विदर्भाच्या शेतमालाला आणि माणसांना चांगला रस्ता हवा, ही मागणी आमचीही आहे. प्रश्न आहे तो वेगाची किंमत कोण मोजतो हा. पुण्याच्या रात्रीच्या बसमध्ये कोण असते? शिकायला निघालेला वर्ध्याचा मुलगा, नोकरीच्या मुलाखतीला निघालेली यवतमाळची मुलगी. १९५३ च्या नागपूर करारात न्याय्य वाट्याचे आश्वासन मिळालेल्या प्रदेशातील तरुणाला पोटासाठी आठशे मैलांची ये-जा करावी लागते. एस.टी. खिळखिळी ठेवायची, रेल्वेचे आरक्षण मिळू द्यायचे नाही, आणि मग खाजगी बसकडे गर्दी वळली की त्याला प्रवाशाची ‘निवड’ म्हणायचे!

आणि चालक? दर अपघातानंतर त्याला पकडणे सर्वांत सोपे असते. त्याने निष्काळजीपणा केला असेल तर शिक्षा व्हावी. परंतु तो किती तास जागा होता, हे मालकाला विचारणारा कोण आहे? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. खाजगी बसच्या धंद्यात ती बहुधा कागदावरच राहिली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रमसंहिता लागू झाल्या तेव्हा तो कायदाही त्यांत विरून गेला. चालकाची झोप ही प्रवाशाची सुरक्षितता आहे. हे सूत्र ज्या दिवशी प्रवाशांना पटेल, त्या दिवशी चालक आणि प्रवासी एका बाजूला उभे राहतील.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. बसची धडक, आग आणि उलटणे यांविषयीची चाचणी सक्तीची करा व तिचा निकाल तिकिटाबरोबर प्रवाशाला दाखवा. लांब पल्ल्याच्या प्रत्येक खाजगी बसवर दोन चालक आणि त्यांच्या कामाच्या तासांची तपासता येईल अशी नोंद असू द्या. अपघाताच्या चौकशीचे अहवाल प्रसिद्ध करा आणि चालकाबरोबर मालकाला व परवाना देणाऱ्याला जबाबदार धरा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एस.टी.ला रात्रीच्या पल्ल्यासाठी पुरेशा गाड्या व माणसे द्या. कार्यकर्त्यांनी गणेशपेठच्या बसस्थानकापासून खाजगी बसच्या थांब्यांपर्यंत जाऊन चालकांशी आणि प्रवाशांशी बोलावे. कोण किती तास जागा असतो, कोणत्या गाडीची खिडकी उघडत नाही, याची यादी करावी आणि ती परिवहन कार्यालयाच्या टेबलावर ठेवावी. आपल्या माणसांच्या मरणाची नोंद सरकार ठेवत नसेल, तर ती आपण ठेवू.

फ्लोरिडाच्या खेळात भिंत शेवटच्या क्षणी उघडते, कारण ती उघडावी म्हणून कोणीतरी आधी हिशेब केलेला असतो, खर्च केलेला असतो. पिंपळखुट्याला दार उघडले नाही, कारण तसा हिशेब कोणी केलाच नव्हता. तो करायला लावणे हे आता आपले काम आहे.