बंदर कोणाचे? रुळांना विचारा!



“बडोद्याला समुद्र नाही, मग बंदराशी आपला काय संबंध?” हा प्रश्न आम्ही निजामपुऱ्यात वारंवार ऐकतो. त्याच्या जोडीला दुसरा वाद आहेच : डहाणूजवळचे वाढवण बंदर महाराष्ट्राचे, की त्याचा मलिदा गुजरात खाणार? यावर दोन्हीकडचे पुढारी टाळ्या घेतात. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न फोल आहेत. ज्या गावाचा माल वेळेवर धक्क्याला लागतो, त्या गावाचे ते बंदर!

पटत नसेल तर आपल्याच संस्थानाचा इतिहास काढून पाहा. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत ओखा बंदर १९२६ साली सुरू झाले. महाराजांच्या राज्याने बंदर बांधले आणि त्याला रेल्वेची जोडही दिली. काठियावाडच्या बंदरांकडे माल वळू लागला तशी मुंबईच्या जकातीची काळजी ब्रिटिश सरकारला लागली. १९१७ साली उठवलेली वीरमगामची जकातीची नाकेबंदी १९२७ साली पुन्हा घातली गेली. ‘तुझे बंदर, माझे बंदर’ या भांडणात व्यापारी भरडला गेला. ती परक्यांची भाषा आज आपण बोलायची?

आता वर्तमानाकडे या. न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत सुमारे १५०० कि.मी.चा स्वतंत्र मालवाहू रेल्वेमार्ग आखला गेला. तो आपल्या मकरपुऱ्यावरून जातो आणि त्यावर एकावर एक दोन कंटेनर ठेवलेल्या गाड्या धावतात. मकरपुरा ते घोलवड हा २४४ कि.मी.चा टप्पा १२ मार्च २०२४ रोजी सुरू झाला. बंदराला तेव्हा ३५ वर्षे होत आली होती, तरीही या मार्गाचे दक्षिणेचे टोक बंदराला टेकलेले नव्हते! धक्का तयार, क्रेन तयार, आणि माल ट्रकच्या रांगेत. याला नियोजन म्हणावे काय?

आम्ही बॅंकेतली माणसे, आम्हाला हिशेब दिसतो. लहान कारखानदार कॅश क्रेडिटवर माल तयार करतो. ४० लाखांचा माल आणि १० टक्के व्याज धरा. दिवसाला सुमारे १,०९६ रुपये होतात. कंटेनर चार दिवस अडला की ४,३८४ रुपये बुडाले. माल जहाजावर चढून बिल ऑफ लेडिंग हाती येईपर्यंत एल.सी.चे पैसेही सुटत नाहीत. हा भुर्दंड शेवटी कामगाराच्या पगारातून निघतो, आणि त्या कामगारांत आपली मुले आहेत.

वाढवणसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. घोलवड आणि वाढवण दोन्ही डहाणू तालुक्यातच, म्हणजे मालवाहू मार्ग बंदराच्या दाराशी आहे. मग पहिले जहाज लागण्याआधी रूळ धक्क्यापर्यंत गेलेच पाहिजेत. न्हावाशेवाची पुनरावृत्ती आम्हाला नको! आणि ज्या मच्छीमारांच्या समुद्रात भराव पडणार, त्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. त्यांची भरपाई जाहिरातीत छापून भागणार नाही, ती त्यांच्या हातात पडली पाहिजे. दुसऱ्याची चूल विझवून आलेली भरभराट आम्हाला नको.

याच विषयाचे शिक्षण देणारे गतिशक्ती विश्वविद्यालय आपल्या लालबागेत, प्रतापविलास राजवाड्यात आहे. आपल्यापैकी किती घरांनी तेथे चौकशी केली? संस्थानच्या आठवणी काढून पोट भरत नाही.

मंडळाने येत्या सभेत ठराव करून खासदारांना निवेदन द्यावे : आधी रूळ, मग जहाज, आणि बडोद्याच्या लहान कारखानदाराला रेल्वेच्या कंटेनरमध्ये रास्त दराने जागा. सह्यांसाठी आम्ही घरोघर येणार आहोत. दार उघडा!