झाडांनी प्यायलेल्या पाण्याचा गटार-कर

भाचा जर्मनीत असतो. परवा फोनवर सांगत होता, "मामा, बागेच्या नळाला वेगळा मीटर बसवला. तेवढ्या पाण्यावर आता सांडपाण्याचा आकार लागत नाही." बरोबरच आहे की! बागेचं पाणी जमिनीत मुरतं, गटारात जात नाही.

आणि आपल्याकडे? मुंबईत मीटरच्या पाणीपट्टीवर 70 टक्के मलनिस्सारण आकार. मग पाणी तुळशीला घाला नाहीतर मोरीत ओता. नाशकात तर मलनिस्सारणाचा कर घरपट्टीत, घराच्या करयोग्य मूल्यावर. म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला घालणारी आमची ही आणि शेजारच्या तशाच घरात सकाळभर मोरीचा नळ सोडून ठेवणारे काका, दोघांना कर सारखाच!

पालिकेचं उत्पन्न बुडेल म्हणता? मग गटारात जाणाऱ्या पाण्याचा दर खुशाल वाढवा, मी भरेन. पण मोजून घ्या. घरचा मीटर वाचणारा माणूस बागेचाही आकडा टिपेल.

शेवटी तपोवनातल्या केंद्रातून ते सांडपाणी येतं गोदावरीतच ना? कमी ओतणाऱ्याला चार पैशांची सूट दिलीत, तर गोदामाईला आरतीपेक्षा जास्त बरं वाटेल.

असो. तूर्त मी बादल्याच मोजतोय!